अंगठ्याच्या बटणाची टोपी

नवऱ्याचं भलं करणाऱ्या बाईचं सगळे कौतुक करतात. पण बायकोचं भलं करायला निघालेल्या नवऱ्याला आवरायचं कसं, हे कोणी सांगत नाही.

त्या दिवशी मुळा आणि टोफू घेऊन घरी आले, तर कपडे वाळत घालायच्या दांडीखाली एक प्लास्टिकची पेटी उन्हात ठेवलेली. आत पाण्यासारखं काहीतरी, आणि त्यात माझ्या कीबोर्डच्या झाडून सगळ्या टोप्या. टोप्या म्हणजे बटणांवरची अक्षरांची झाकणं, ती ओढली की निघतात. एइसाकु, म्हणजे माझा नवरा, शेजारी स्टुलावर बसून चिमट्याने एकेक टोपी उलटत होता. कढईतली तेम्पुराची भजी उलटावीत तशी!

"बघ!" तो ओरडला. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून तो नेहमी ओरडतोच. "पार पिवळ्या पडल्या होत्या. आता बघ कशा नव्या नवरीसारख्या दिसतात!"

माणसाने सगळं आयुष्य न्हाव्याचं दुकान चालवलं. दुकान बंद झालं, पण केस सोनेरी करायच्या ब्लीचच्या बाटल्या कपाटात तशाच आहेत. तेच ओतलं होतं. जुन्या कीबोर्डांचे वेडे लोक असं करतात, हे मलाही ठाऊक आहे. पण ते थोडा वेळ बुडवतात, बघतात, काढतात. याने सकाळपासून मुरत घातलं होतं, लोणच्यासारखं.

बोलून उपयोग काय? आमच्या घरात शिव्या पाटीवर लिहून द्याव्या लागतात. लिहीपर्यंत निम्मा राग उतरतो, आणि पाटी ती केवढी! मी लिहिलं, 'मला विचारलं का नाहीत?'

त्याने वाचलं. "विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस."

मी पाटी पुसली.

संध्याकाळी मी टोप्या धुतल्या, पुसल्या, एकेक करून परत बसवल्या. कीबोर्ड दिसत होता मात्र देखणा, खोटं कशाला बोलू. मग सरावाला बसले, उजव्या अंगठ्याचं बटण दाबलं, आणि कट्! टोपीचे मधोमध दोन तुकडे. ब्लीचने प्लास्टिक पार ठिसूळ झालं होतं. नेमकी तीच टोपी गेली जिच्यावाचून माझं पान हलत नाही.

हा कीबोर्ड चारचौघांसारखा नाही. लोक इंग्रजी अक्षरांवरून जपानी लिहितात, एकेका अक्षरासाठी दोन-दोन बटणं बडवत बसतात. माझ्या कीबोर्डला खाली अंगठ्यांची दोन बटणं आहेत. अंगठा आणि बोट एकदम दाबलं की एका दणक्यात एक अक्षर. छापखान्यात नोकरीला लागले तेव्हा यावर शिकले, आणि बोटांना दुसरं काही येत नाही. ज्यांनी तो बनवला त्यांनी बनवणं कधीच बंद केलं. नवा मिळत नाही, आणि जुना असणारे मेल्याशिवाय सोडत नाहीत.

यावरच मी बहिऱ्या माणसांसाठी काम करते. सभेत, दवाखान्यात, मुलांच्या शाळेत कोणी बोललं की ते ऐकता ऐकता टाईप करायचं, समोरच्याने पडद्यावर वाचायचं. आम्ही दोघी मिळून करतो, मी आणि मियोको. एकीने वाक्य सुरू करायचं, दुसरीने पुरं करायचं. या कामाचा एकच मोठा नियम आहे: बोलणाऱ्याच्या मागे राहा, पण पुढे कधी जाऊ नका. त्याच्या तोंडून निघालं नाही ते पडद्यावर येता कामा नये.

हे काम मी एइसाकुचे कान गेले तेव्हा सुरू केलं. यंत्र लावून पाहिलं, त्यातून त्याला नुसता खडखडाट ऐकू येतो. त्याबद्दल तो कधी रडला नाही. एकाच गोष्टीने खचला. त्याला राकुगोचं वेड. उशीवर बसलेला एकच माणूस मान इकडे वळवून एक जण होतो, तिकडे वळवून दुसरा होतो, आणि गोष्ट सांगून हसवतो. कान गेल्यावरही आम्ही जात होतो. मी मांडीवर कीबोर्ड घेऊन टाईप करायची, तो पडदा वाचायचा. पण सगळे हसून गप्प झाले की हा हसायचा. शांत सभागृहात एकट्याचं खो-खो. लोक वळून बघायचे. एकदा एका बाईने बोट ओठांवर ठेवून त्याला गप्प केलं. त्यानंतर तो जाईनासा झाला. "घरी बरंय," म्हणायचा. बरं कसलं डोंबल!

आणि अशात, टोप्या ब्लीचमध्ये बुडायच्या थोडे दिवस आधी, कोमामे दारात आला. सोबत गोड वाटाण्यांचे बन. हा कोमामे राकुगोची उमेदवारी करायचा तेव्हा आमच्या दुकानात फुकट केस कापून घ्यायला यायचा, आणि खुर्चीत बसून आरशाकडे बघत गोष्टी घोकायचा. एइसाकु हसायला लागला की वस्तरा बाजूला ठेवायचा. आता त्याला गुरूचा दर्जा मिळाला होता, आणि पहिला मोठा कार्यक्रम आमच्याच बाजारपेठेच्या सभागृहात, रविवारी दुपारी.

"काकू, काकांना आणायचंच," तो मला म्हणाला. "वस्तरा कुठे थांबतो ते बघून मी थांबायला शिकलो. काका हसले नाहीत तर मी गुरू कसला?"

"मग गोष्ट आधी लिहून दे मला."

"छे छे! मी कुठे दोनदा सारखं सांगतो? शेवटचं वाक्य तेवढं ठरलेलं. बाकी तोंडाला येईल ते."

"तुझ्या तोंडाला येईल ते माझ्या बोटांना आलं पाहिजे ना!"

"तुमची बोटं म्हणजे काय काकू!" असं म्हणून गेला गुलाम. मी पाटीवर सगळं लिहिलं. एइसाकुने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि विचारलं, "वेळेवर हसायला येईल का गं मला?"

मी लिहिलं, 'येईल.' म्हणून तर त्याने टोप्या उजळल्या. कार्यक्रमाला बायकोचा कीबोर्ड चांगला दिसावा म्हणून. आता बोला.

टोपी मोडली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुकडे रुमालात बांधून आकिहाबाराचा विजेच्या सामानाचा बाजार गाठला. अरुंद जिना चढून वर इवाबुचीचं दुकान. जुने कीबोर्ड, तारा, डबेच डबे. माणूस बोलायला सरळ आहे.

"हे कोणी केलं, बाई?"

"नवऱ्याने."

"ब्लीच?"

"न्हावी आहे."

"अरेरे," तो इतक्या मनापासून म्हणाला की मला वाटलं आता धूप पेटवतोय की काय.

त्याने खण काढले. टोप्याच टोप्या, हव्या त्या रंगाच्या. मी एक उचलली, अगदी माझ्यासारखीच.

"वरून बघू नका, खालून बघा," तो म्हणाला. "आजकालच्या टोपीला खाली अधिकच्या खुणेसारखं भोक असतं. तुमच्या टोपीला चपटा पाय आहे. वरून सख्ख्या बहिणी, खालून सासू-सुना."

"मग चपट्या पायाची द्या."

"चपट्या पायाच्या आहेत. पण अंगठ्याच्या बटणाची रुंदी कोणाच्याच बापाला जुळत नाही." दुपारभर शोधून त्याने एक काढली. त्याच कंपनीची, पुढच्या सालातली. "पाय चपटा आहे, पण केसभर जाड वाटतोय. हलक्या हाताने बसली तर बसली. ठोकू नका, बाई. लाकूड नाही ते."

घरी आले, हलक्या हाताने बसवली. बसेना. थोड्या जड हाताने बसवली. बसेना. एइसाकु डोक्यावर उभा राहून ओरडत होता, "तिरकी धर! तिरकी!" मग माझं डोकं फिरलं आणि मी तळहाताने एक दणका दिला. टोपी बसली. तिच्या खालचा स्विच फुटला.

नवऱ्याने टोपी मोडली, बायकोने स्विच मोडला. संसार दोघांनी मिळूनच करायचा असतो.

इवाबुचीला फोन केला. तो म्हणाला, तसला स्विच दुसऱ्या मेलेल्या कीबोर्डातून काढून जोडावा लागेल, आणि तसा सांगाडा आत्ता त्याच्याकडे नाही. मिळाला की कळवेन. 'सांगितलं होतं' हे तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं वाटलं असतं, कोणावर तरी खेकसता आलं असतं.

मग मियोकोने स्वतःजवळचा एक जास्तीचा कीबोर्ड आणून दिला. त्यात काहीतरी करून स्पेसच्या बटणाला आणि त्याच्या शेजारणीला अंगठ्याची बटणं बनवता येत होतं. मी खूश झाले. बसले, टाईप केलं, आणि वाक्यात भोकं! अक्षरंच गायब.

भानगड अशी की मी भरभर लिहिते तेव्हा पहिलं बोट वर यायच्या आत दुसरं खाली गेलेलं असतं, आणि अंगठा तर दाबलेलाच. म्हणजे एका वेळी तीन बटणं, कधी चार. माझा म्हातारा कीबोर्ड ती सगळी ओळखायचा. हा नवा दोन ओळखतो. दोन पाहुणे आत आले की तिसऱ्याच्या तोंडावर दार!

"अगं, मग सावकाश कर ना," मियोको म्हणाली. पूर्वी शाळेत शिकवायची, अजून तसंच बोलते. "एक बोट उचल, मग दुसरं ठेव."

"सावकाश केलं तर तो पुन्हा उशिरा हसेल."

"सगळ्यांचंच टाईप केलेलं थोडं उशिरा येतं, हात्सुए."

"मला सगळ्यांचं नको सांगूस!"

एकाच वेळी सगळी बटणं ओळखणारे कीबोर्ड मिळत नाहीत असं नाही. मी दुकानं पालथी घातली. खेळ खेळणारे लोक घेतात, रंगीत दिवेबिवे असतात. पण त्यांचा स्पेस एवढा लांबलचक की दोन्ही अंगठे त्या एकावरच पडतात. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. घरी येऊन मी मुळा असा काही चिरला की एइसाकु स्वयंपाकघरात आलाच नाही.

शेवटी ठरलं ते असं. गोष्टीत मुख्य माणसं दोन: घरमालक आणि सुतार तोमेकिची. मियोकोने मालक व्हायचं, मी तोमेकिची. मान इकडे वळली की ती, तिकडे वळली की मी. तेवढीच माझ्या बोटांना उसंत. आणि शेवटचं वाक्य ठरलेलं होतं, ते तोमेकिचीचं. मियोकोने ते कोमामेला विचारून आधीच लिहून एका बटणात भरून ठेवलं.

"एक बटण दाबलं की झालं," ती म्हणाली. "ते तरी गळणार नाही."

"मी काय टेप आहे का?" मी म्हणाले. पण पुसलं नाही.

रविवारी सभागृह भरलेलं. सगळी ओळखीची तोंडं, एइसाकुच्या वस्तऱ्याखालून गेलेली. आम्ही मागच्या रांगेत कडेला बसलो. एइसाकुच्या मांडीवर पडदा, अंगात इस्त्रीचा सदरा, मान ताठ. पुढच्या रांगेत जांभळ्या शालीतली एक बाई. मी ओळखलं. ओठांवर बोट ठेवणारी हीच.

कोमामे आला, उशीवर बसला, वाकला, आणि सुरू झाला. तोमेकिचीने दारूसाठी घरातलं भाताचं पातेलं विकलंय. बायको विचारते, तर म्हणतो चोराने नेलं. बायको थेट घरमालकाकडे. मालक तोमेकिचीला बोलावून चोराची चौकशी करतो.

मियोकोचं झकास चाललं होतं. 'दिसायला कसा होता चोर?' पडद्यावर स्वच्छ. माझं उत्तर आलं ते असं, की मधली अक्षरं उंदराने खाल्लेली. एइसाकु भुवया आकसून वाचतो, जुळवतो, तोवर सभागृह हसून मोकळं. मग हा हसतो. जांभळी शाल हलली.

मी वेग कमी केला. अक्षरं आली, वेळ गेली. वेग वाढवला, वेळ साधली, अक्षरं गेली. कोमामे तर आज सुटलाच होता. 'चोराच्या गालावर तीळ होता, मालक, हा असा, माझ्यासारखाच!' सभागृहात हशा. 'मी पाठलाग केला, पण मी जेवढा जोरात पळायचो तेवढाच तोही पळायचा!' पुन्हा हशा. आणि प्रत्येक वेळी सगळं ओसरल्यावर एइसाकुचं एकट्याचं हसू, आधीपेक्षा लहान. मग त्याने तोंडावर हात धरून हसायला सुरुवात केली. मग हसायचंच सोडलं. पडदा वाचून नुसती मान हलवू लागला, औषधाची चिठ्ठी वाचल्यासारखी.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. त्या कीबोर्डचा राग, ब्लीचचा राग, माझ्या तळहाताचा राग. मी याला 'येईल' असं लिहून दिलं होतं.

समोर कोमामेने मान मालकाकडे वळवली. "मग थांबला कुठे तो चोर?"

मान इकडे. "दारूच्या दुकानात."

मान तिकडे. "अरे गाढवा! मग तिथेच धरलं का नाहीस त्याला?"

मियोकोने ते लिहिलं. कोमामेने मान तोमेकिचीकडे वळवली, आणि थांबला. तेच थांबणं, जे तो आमच्या खुर्चीत शिकला. तोंड उघडायच्या आधी तो श्वास धरतो. सगळं सभागृह श्वास धरून बसलं होतं.

मी बटण दाबलं.

मियोकोने माझं मनगट पकडलं, पण उशीर झाला होता. पडद्यावर आलं: 'धरू कसा, मालक? पैसे त्यानेच दिले!'

एइसाकुने वाचलं. आणि हसला. तोंडावर हात न धरता, पोट धरून, दुकानात हसायचा तसा. त्या शांततेत, एकटा, सगळ्यांच्या आधी.

सगळं सभागृह वळलं. जांभळी शालही वळली. गुरू झालेल्या माणसाचा पहिला मोठा कार्यक्रम, शेवटचं वाक्य तोंडात, आणि मी ते त्याच्या जिभेवरून पळवलं होतं. या कामात याहून मोठं पाप नाही.

कोमामेने तोंड मिटलं. आमच्याकडे बघितलं. मग तोमेकिचीच्याच आवाजात, मालकाला सांगितल्यासारखं म्हणाला, "थांबा, मालक. मी अजून तोंडही उघडलं नाही, आणि त्या न्हावीकाकांना ऐकू गेलं! अख्ख्या गावात धड कान म्हणाल तर त्यांचेच!"

असा हशा मी जन्मात ऐकला नाही. सगळ्यांना ठाऊक होतं ना एइसाकुचं. लोक मांड्या बडवत होते, डोळे पुसत होते. जांभळ्या शालीतली बाई तोंडात शालीचं टोक कोंबून हलत होती. त्या गदारोळातच कोमामेने शेवटचं वाक्य म्हणून टाकलं, ते कोणाला ऐकूही गेलं नसेल, आणि कपाळ जमिनीला टेकवून वाकला.

एइसाकु हसता हसता थांबला. आजूबाजूला बघू लागला. लोक त्याच्याकडे बघून हसत होते. त्याने पडद्याकडे पाहिलं. तिथे जुनंच वाक्य.

"काय म्हणाला गं?" त्याने विचारलं, ओरडूनच. "आत्ता काय म्हणाला?"

मियोको चष्मा काढून रडत-हसत होती, तिचा काही उपयोग नव्हता. मी टाईप करायला घेतलं. घाईघाईत सगळी बोटं एकदम पडली. पडद्यावर दोन अक्षरं आली आणि बाकीची कुठे गेली देव जाणे. पुन्हा मारलं. पुन्हा तेच. जळो मेलं ते! मी तो कीबोर्ड खाली जमिनीवर ठेवला, ठेवला म्हणजे आपटला, आणि एइसाकुचा हात ओढून घेतला.

तळहातावर बोटाने लिहिलं: कान. मग लिहिलं: तुमचे. मग लिहिलं: सगळ्यांत चांगले.

तोवर सभागृह शांत झालं होतं. एइसाकु स्वतःच्या तळहाताकडे बघत बसला, त्यावर काही दिसत असल्यासारखा. मग त्याने कोमामेकडे पाहिलं. कोमामे अजून वाकलेलाच होता. शेवटचा ढोल वाजवणाऱ्याने काठ्या उचलल्या होत्या, त्या तशाच हवेत. पुढच्या रांगेतली ती बाई मान वळवून, ओठ आवळून, एइसाकुच्या तोंडाकडे बघत होती. कोणी उठेना, कोणी टाळी वाजवेना. सगळे थांबले होते.

मग त्याला कळलं, आणि तो हसला. सगळ्यांच्या नंतर, नेहमीसारखा. तेव्हा कुठे ढोल वाजला.